जुना फेज-चेंज कूलर, नवा सॉकेट : मनापासून आभार

फेज-चेंज कूलर म्हणजे फ्रिजसारखा गॅस फिरवून कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड करणारं यंत्र. एलजीए ७७५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसर-सॉकेटसाठी बनलेला असा कूलर नव्या एलजीए १७०० सॉकेटवर बसवताना ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्या सर्वांचे आम्ही आभारी आहोत.

कूलर बसवण्याच्या भोकांमधलं अंतर ७२ नव्हे, ७८ मिमी लागतं, हे मोजून नवी पट्टी कापून देणाऱ्यांचे आधी आभार. चारही स्प्रिंग आलटूनपालटून घट्ट करा, ही त्यांची सूचना लाखमोलाची. नाहीतर ताठ सक्शन होजच्या (गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या नळीच्या) ओढीने इव्हॅपोरेटर, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा गार भाग, कलतो आणि मधल्या थर्मल पेस्टचा ठसा अर्धाच उमटतो.

सगळ्यात मोठं ऋण कॅपिलरी, म्हणजे इव्हॅपोरेटरला द्रवरूप गॅस पोचवणारी बारीक नळी, समजावणाऱ्यांचं. इंटेलचा आय९-१२९००के प्रोसेसर २४१ वॅटपर्यंत जातो. कमी लोडसाठी (कमी उष्णतेसाठी) जुळवलेल्या लांब नळीतून तेवढं द्रव पोचत नाही, इव्हॅपोरेटर उपाशी राहतो, लोड येताच तापमान चढतं. म्हणून आतला गॅस आधी रिकव्हरी सिलिंडरमध्ये (गॅस जमा करण्याच्या टाकीत) काढायचा, नळी थोडीच कापायची, व्हॅक्यूम करून गॅस पुन्हा वजनावर भरायचा. जास्त कापली तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये परततं आणि त्याचे व्हॉल्व्ह जातात. हे त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलं.

गार भागाभोवती दव साचू नये म्हणून बोर्डाच्या मागच्या बाजूलाही निओप्रीन (रबरी फोम) लावा, सॉकेटभोवती डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा, हवेची फट ठेवू नका, असं बजावणाऱ्यांमुळे बोर्ड कोरडा राहिला. त्यांचेही शतशः आभार.