हानडॉर्फच्या आजींना थँक्यू, भांडणासकट

प्रिय आजी,

तुमचं नाव लिहू नको म्हणालात म्हणून नुसतं आजी. आणि मराठीत लिहितेय कारण तुम्ही काय केलंत ते इथल्या आपल्या लोकांना कळायला हवं, तुम्हाला मी घरी येऊन वाचून दाखवणार आहेच, सुटका नाही.

झालं असं की अ‍ॅडलेडच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि इतिहास म्हणून हातात काय तर गणपतीचे फोटो आणि अध्यक्षांची यादी. कोणीतरी म्हणालं, जवळच्या टेकड्यांतल्या हानडॉर्फ गावच्या, जर्मन वंशाच्या लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोकांनी त्यांचं सगळं नीट जपलंय, जाऊन बघ. तर ना ओळख ना पाळख, तुम्ही आख्खी दुपार माझ्यासाठी घालवलीत.

चर्चचा इतिहास म्हणजे पाद्री, घंटा आणि इमारत असं मला वाटायचं, तुम्ही सुरुवातच पैशांपासून केलीत. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड अशी दोन्ही प्रोटेस्टंट चर्चेस एक करून सगळ्यांवर एकच उपासनेची पद्धत लादली, तिथल्या क्लेम्झिग गावचे पास्टर काव्हेल आणि त्यांची माणसं काही ऐकेनात, पण देश सोडायचा तर भाडं कुठून आणायचं, मग काव्हेल लंडन गाठतात आणि मदत करतो कोण तर जॉर्ज फाइफ अँगस, जो स्वतः बॅप्टिस्ट आणि वर पक्का बिझनेसमन, त्याला साउथ ऑस्ट्रेलियाच्या नव्या कॉलनीत कष्टाळू शेतकरी हवेच होते. १८३८ च्या नोव्हेंबरात पहिलं जहाज लागलं, डिसेंबरअखेर 'झेब्रा'. त्या झेब्राच्या कॅप्टन हानने प्रवासी उतरवून आपल्या वाटेने जायचं सोडून त्यांच्यासाठी जमिनीची बोलणी केली, म्हणून गाव हानडॉर्फ. जमीन मुळात पेरामँक या इथल्या आदिवासी लोकांची, त्यांना कोणी विचारलं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, मी न विचारता.

बायका रात्रीच निघून डोक्या-पाठीवर भाजी, लोणी, अंडी घेऊन तीसेक किलोमीटर चालत अ‍ॅडलेडला जायच्या आणि येताना चर्चसाठी प्रत्येकी दोन विटा आणायच्या असं गाव सांगतं. विटांचं देव जाणे, लोण्याचं खरंय, असं म्हणून तुम्ही जे हसलात ना!

मग ते रजिस्टर. जुनं जर्मन हस्ताक्षर म्हणजे आपली मोडीच, शिकलेल्या जर्मनालाही आज वाचता येत नाही. कागदाला बोट न लावता, अर्धा इंच वरून फिरवत तुम्ही बाप्तिस्म्याची एकेक ओळ वाचलीत, बाळ, आई, बाप, आणि शेवटी धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारी माणसं. हा शेवटचा रकाना आधी बघायचा म्हणालात, कोणाचं कोणाशी पटत होतं ते तिथे कळतं.

आणि न पटणं तर काय वर्णावं! १८४६ मध्ये बेथनी गावातल्या चर्चच्या सभेत काव्हेल आणि पास्टर फ्रिट्झशे यांचं फाटलं, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य येणार की नाही हा मोठा मुद्दा, काव्हेलवाले उठून गेले आणि त्यांनी लांगमाइल गावात वेगळी सभा भरवली. अख्ख्या ऑस्ट्रेलियातल्या लुथरन चर्चचं एक व्हायला १९६६ उजाडलं. एवढ्याशा हानडॉर्फमध्ये सेंट मायकल्स आणि सेंट पॉल्स अशी दोन लुथरन चर्चेस आजही आहेत. हे सगळं उघड कशाला सांगता असं मी विचारलं तर म्हणालात, न सांगून कसं चालेल, दुसरं चर्च दिसतं ना सगळ्यांना.

पहिल्या महायुद्धाबद्दल मात्र तुम्ही कमी बोललात. १९१७ मध्ये लुथरन शाळा बंद केल्या, त्याच वर्षीच्या कायद्याने जर्मन गावांची नावं पुसली, जुन्या गावावरून नाव ठेवलेल्या इथल्या क्लेम्झिगचं गाझा, हानडॉर्फचं अ‍ॅम्बलसाइड, ते १९३५ मध्ये परत हानडॉर्फ झालं. मी पण मग फार खोदलं नाही.

आता आमच्याकडची बातमी. आमच्या मंडळातही मागे फूट पडून दोन गणपती झाले होते आणि कमिटीचं म्हणणं होतं की स्मरणिकेत तो विषयच नको. मी तुमच्या दोन चर्चेसचं सांगितलं. बरीच चर्चा, थोडा आरडाओरडा, शेवटी चार पानं मिळाली! दोन्हीकडचे काका बोलायला तयार आहेत, अर्थात वेगवेगळ्या दिवशी. जुनी मिनिट्सची वही कशी ठेवायची ते विचारायला शनिवारी येतेय, सोबत भाजणीच्या चकल्या, मागच्या वेळेसारख्या कमी तिखट नाहीत, आधीच सांगते.

तुमची,
स्मरणिकावाली