गिझर उकळतोय? पार्ट बदलण्याआधी बादली लावून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू होता, गॅस गिझरचं पाणी अचानक एवढं कढत का यायला लागलं. आम्ही कर्वेनगरला एका जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, गिझर ड्राय बाल्कनीत आहे (ज्यांचा अजून बंद बाथरूममध्ये आहे त्यांनी हे पत्र नंतर वाचा, आधी तो बाहेर काढा, गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासबिस काही नसतो). गिझर सहा वर्षं नीट चालला आणि एका शुक्रवारी सकाळी नातीने नळाखाली हात धरला तोच किंचाळत बाहेर आली. हात लाल झाला, फोड आला नाही एवढंच नशीब. आमच्या सौ. म्हणाल्या हे अंघोळीचं पाणी आहे का चहाचं आधण.

कंपनीला फोन केला. पहिला माणूस आला, त्याने सेल बदलायला सांगितले. आता ते दोन मोठे सेल फक्त ठिणगी पाडायला आणि गॅसचा वॉल्व्ह उघडा ठेवायला असतात, सेल उतरले तर गिझर पेटणार नाही, पाणी जास्त गरम कसं होईल? पण बदलले. चार दिवसांनी दुसरा आला, म्हणाला सेन्सर गेलाय, ८५० रुपये आणि व्हिजिटचे ३५० वेगळे. दिले. पाणी होतं तेवढंच कढत. तिसऱ्याने तर झाकणसुद्धा उघडलं नाही, काका सहा वर्षं झाली आता नवीनच घ्या, एक्स्चेंज ऑफर आहे म्हणाला.

तिघांपैकी एकानेही नळाला पाणी किती येतंय ते बघितलं नाही, आणि माझं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीबद्दल आहे. आपल्याकडच्या साध्या गॅस गिझरला अक्कल नसते हो. गॅसचा नॉब जिथे ठेवलाय तेवढी ज्योत तो लावणार, मग आतून पाणी भसाभसा जाऊ दे नाहीतर करंगळीएवढी धार जाऊ दे. सहा लिटरचा गिझर म्हणजे साधारण मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा असं धरा. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश असेल तर नळाला ४५ येईल, झकास अंघोळ. तेच पाणी मिनिटाला तीन लिटरच आलं तर तेवढीच उष्णता अर्ध्या पाण्यात जाते, म्हणजे ५० अंशांची वाढ आणि नळाला ७०! ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, लहान पोराची त्याहून लवकर.

मी एक लिटरचं दुधाचं माप घेतलं, गरम नळ पूर्ण उघडला आणि मोबाईलवर वेळ लावली, माप भरायला २० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला तीनच लिटर. दह्यासाठी आणलेला थर्मामीटर घातला तर ६८. हिशोब जुळला. मग आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं, त्याने गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून पान्ह्याने इनलेटचा, म्हणजे पाणी आत येण्याचा पाइप सोडवला, आतली छोटी जाळी काढली तर ती बारीक वाळू आणि पांढऱ्या खपल्यांनी गच्च भरलेली. ब्रशने धुतली, बसवली, दहा मिनिटांचं काम. माप ११ सेकंदांत भरलं, थर्मामीटरवर ४७.

वाळू आली कुठून तेही सांगतो. गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा आमची सोसायटी टँकर मागवते, शुक्रवारी नळाला आधी हवा आणि मग गढूळ पाणी येतं, ते सगळं टाकीत आणि टाकीतून आमच्या जाळीत. वर टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम दोन-अडीच मीटर, दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर धरा म्हणजे आमच्या वाट्याला पाव बार येतं. खालच्या मजल्यावरच्यांची जाळी थोडी तुंबली तरी त्यांना कळत नाही, आम्हाला लगेच चटका. बोअरच्या जड पाण्याने कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापतं त्या आतल्या नळीत क्षार धरतात तेव्हाही हेच होतं, तेव्हा मात्र लिंबाच्या सताच्या पाण्याने कॉइल धुवावी लागते आणि ते जाणकाराकडूनच करून घ्या.

अजून एक गंमत. पाणी फार गरम आलं की आपला हात आपोआप गरम नळ बारीक करायला जातो, आणि तिथेच घोळ होतो, कारण धार कमी केली की ते आणखी तापतं, अजून कमी केली की गिझर विझतो आणि अंगावर एकदम गार पाणी, मग आपण नळ मोठा करतो आणि परत कढत. मिक्सरमध्ये गार सोडलं तरी गार पाणी गरमला मागे ढकलतं, गिझरमधली धार घटते, पाणी आणखी तापतं. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, त्याचं पाणी तर उकळायचंच, पण ते घंगाळात काढून वरून विसण घालायचे त्यामुळे प्रश्न नव्हता. गिझरलाही तेच करा, गरम नळ पूर्ण उघडा, गॅसचा नॉब कमी करा आणि विसण बादलीत घाला, नळात नको.

भाचा इंग्लंडात रेडिंगला असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला, त्याच्याकडेही महिन्यापूर्वी हीच तक्रार होती. तिकडे कॉम्बी बॉयलर, घर गरम करणारे रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकाच पेटीतून. ती पेटी हुशार, धार बघून ज्योत स्वतः कमीजास्त करते, पण ज्योत कमी करण्यालाही मर्यादा असते, धार फारच बारीक झाली की तिचाही आपल्यासारखाच गोंधळ. त्याने आधी रेडिएटरचं सेटिंग खाली आणलं आणि दोन दिवस काहीच फरक नाही म्हणून वैतागला, नळाचं सेटिंग वेगळं असतं आणि ते ६० वर होतं. ते ५० केलं, थोडं बरं झालं. उरलेलं दुखणं क्षारांचं निघालं, त्या भागातलं पाणी आपल्या बोअरसारखंच जड. पण त्याने झाकणाला हात लावला नाही, तिकडे गॅस सेफ रजिस्टरमध्ये (गॅसची कामं करू शकणाऱ्यांची अधिकृत यादी) नाव असलेल्या माणसानेच ते काम करायचं असतं. त्या माणसाने आल्याआल्या काय केलं? नळाखाली माप धरून वेळ लावली.

आता माझे ८५० रुपये. तो सेन्सर पाणी बेसुमार तापलं तर गिझर बंद पाडतो एवढंच, तापमान कमीजास्त करणं हे त्याचं कामच नाही, त्यामुळे तो बदलून पाणी कोमट होणार नव्हतं हे बदलणाऱ्यालाही माहीत असणार. जुना पार्ट मागितला तर म्हणाला गाडीत राहिला. सर्व्हिसवाल्यांना आपल्या पत्रातून एवढंच विचारायचंय की जॉबकार्डवर नाव, पत्ता, मॉडेल, बिलाचा आकडा सगळं असतं, तर 'मिनिटाला किती लिटर' एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी टँकरच्या पाइपला जाळी लावायचं कबूल केलंय, या गुरुवारी लावली का ते बघायला मी खाली जाणार आहे.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे