मशीद बंदरच्या नामावलीनंतरची नावे

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, व्यापारी जहाजांवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून काम करून निवृत्त झालेला खलाशी आहे. माझ्या हाताखालचा, माझ्याच तालुक्यातला एक तरुण खलाशी भर समुद्रात जहाजावर मृत्यू पावला, त्याला आता बरीच वर्षे झाली. दोष कोणाचा आणि भरपाई किती, याविषयी मला इथे काही मागायचे नाही. मागणे आहे ते त्याच्या नावाविषयी.

आमच्या जहाजात कोळसा भरलेला होता. कोळसा बंद जागेतल्या हवेतला प्राणवायू हळूहळू शोषून घेतो आणि त्या हवेला वेगळा वास नसतो, रंग नसतो, त्यामुळे शिडीच्या चार पायऱ्या उतरेपर्यंत माणसाला काही कळतही नाही. तशा जागेत उतरलेल्या माझ्या सोबत्याला वर काढले तेव्हा त्याच्या एका हातात मोजा होता आणि दुसरा हात उघडा होता. कप्तानांनी लॉगबुकात वेळ, अक्षांश आणि रेखांश लिहिले. बंदर गाठेपर्यंतचे सहा दिवस त्याला भाजीच्या कोल्ड रूममध्ये ठेवावे लागले, आणि ते सहा दिवस आमच्या कुकने भाजी काढायला दुसऱ्या कोणालाही आत जाऊ दिले नाही. त्याच्या सामानाची यादी सेकंड ऑफिसरसोबत मी केली: दोन बॉयलर सूट, सेफ्टी शूजचा एक जोड, मोबाइल, आईने दिलेली आमसुलांची पुडी आणि सिंगापूरला मुलीसाठी घेतलेली रंगपेटी. त्या यादीवर माझी सही आहे. त्याच्या स्मरणार्थ माझ्या माहितीत एवढा एकच कागद आहे.

महोदय, मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या भारतीय खलाशांची स्मारके आहेत. दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक म्हणजे पुस्तकासारखी बांधलेली एक नामावली असून तिच्यात व्यापारी जहाजांवरच्या सुमारे 6,000 भारतीय खलाशांची नावे आहेत. सुट्टीवर मुंबईत असताना मी तिथे गेलो होतो. ज्यांच्या गावी कदाचित आता नातलगही उरले नसतील अशा सारंग, तांडेल (खलाशांचे मुकादम) आणि आगवाल्यांची (बॉयलरला कोळसा घालणाऱ्यांची) नावे तिथे नीट लिहून ठेवलेली आहेत, आणि तसे लिहिणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो. पण युद्ध संपले तिथे नामावलीही संपली. त्यानंतर वादळात, आगीत, बंद टाकीत किंवा हॅचखाली (मालाच्या कोठाराच्या झाकणाखाली) जे गेले, त्यांच्यासाठी अशी वही नाही.

खलाशांच्या कामाच्या अटी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराला भारताने 2015 साली मान्यता दिली. त्या कराराच्या 2022 सालच्या दुरुस्त्या 23 डिसेंबर 2024 पासून अमलात आल्या असून, जहाजावरील प्रत्येक मृत्यूची चौकशी आणि नोंद करून दरवर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेला कळवणे त्यांत बंधनकारक केले आहे. म्हणजे नोंद यापुढे होणारच आहे. मात्र तिकडे जाणार ती आकडेवारी, आणि आकडेवारीत माझा सोबती मला सापडणार नाही.

म्हणून विनंती अशी की, नौवहन महासंचालनालयाने कामावर असताना मृत्यू पावलेल्या भारतीय खलाशांची एक नामावली, घरच्यांच्या संमतीने, मशीद बंदरलाच ठेवावी. नाव सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरच्या) रोमन अक्षरांत तर असावेच, पण त्याच्या घरच्या लिपीतही असावे, कारण रोमनमध्ये आमच्या आडनावांचे काय होते ते प्रत्येक खलाशाला ठाऊक आहे. 1919 साली सिंदिया या भारतीय जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्या 5 एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. त्या दिवशी गेल्या वर्षातील नावे मोठ्याने वाचली जावीत आणि त्या घरांना रीतसर निमंत्रण जावे. खर्च म्हणाल तर एका वहीचा आणि प्रवासभाड्याचा.

माझ्या सोबत्याचे नाव या पत्रात मी मुद्दाम लिहिलेले नाही. त्याची मुलगी आता मोठी झाली आहे. तिची संमती असेल तर ते तिच्यासमोर त्या वहीत लिहिले जावे, अशी माझी इच्छा आहे. सामानाच्या यादीची प्रत माझ्याकडे आहे, आपल्या कार्यालयाने कळवल्यास ती घेऊन मी मुंबईला येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त बोसन