इन्स्पेक्टर घोटेंच्या लेखकाची जन्मशताब्दी विसरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ ऑक्टोबर २०२६ ला एच. आर. एफ. कीटिंग या ब्रिटिश लेखकाच्या जन्माला शंभर वर्षं होतात. इंग्लंडमध्ये त्यांची आठवण निघेलच, पण मला मनापासून वाटतं की ती मराठी पेपरात सुद्धा निघायला हवी, कारण ज्या पात्रामुळे हा माणूस जगभर वाचला गेला ते म्हणजे मुंबई सीआयडीचे इन्स्पेक्टर गणेश घोटे. चक्क मराठी आडनाव! आणि आपल्याकडे चांगल्या वाचणाऱ्या लोकांनाही हे घोटे कोण ते माहीत नसतं, अगाथा ख्रिस्तींचा डिटेक्टिव्ह पोयरो मात्र तोंडपाठ, याचं फार वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

कीटिंग मूळचे ससेक्समधल्या समुद्रकाठच्या सेंट लेनर्ड्सचे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले, मग लंडनच्या पेपरांत सब-एडिटर. डिटेक्टिव्ह पुस्तकं वाचायचं भारी वेड, तेव्हा बायकोनेच, म्हणजे अभिनेत्री शीला मिचेल यांनी, त्यांना अशी पुस्तकं लिहायला लावलं. १९५९ पासून कादंबऱ्या यायला लागल्या पण अमेरिकेतले प्रकाशक घेईनात, फारच ब्रिटिश वाटतात म्हणायचे. मग गोष्ट परदेशात न्यायची ठरली आणि त्यांनी मुंबई निवडली, तीही न बघता, फक्त वाचून आणि ऐकून. १९६४ ला 'द परफेक्ट मर्डर' आलं आणि त्याला गोल्ड डॅगर हा ब्रिटनचा क्राइम कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला, अमेरिकेतही कौतुक झालं.

या पुस्तकात घोटेंच्या अंगावर दोन केसेस एकदम येतात. एका बड्या लालाच्या घरी त्याच्या म्हाताऱ्या पारशी सेक्रेटरीवर हल्ला झालेला असतो, त्याचं नावच मिस्टर परफेक्ट, आणि तिकडे एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपयाची नोट गायब. एकच रुपया, पण मंत्र्याचा, त्यामुळे वरून तगादा सुरू, साहेबांना घाई झालेली, आणि त्यात युनेस्कोचा एक उंचापुरा स्वीडिश पाहुणा पोलिसांचं काम कसं चालतं ते बघायला घोटेंच्या मागे लावून दिलेला. लाला ओरडतो, साहेब ओरडतात, आणि हा साधा माणूस आतल्या आत चरफडत, पण नियम न सोडता दोन्ही प्रकरणं धसास लावतो. माझ्या घरात दोन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या, वरच्याचा फोन आला की पोटात गोळा येतो म्हणजे काय ते आम्हाला सांगावं लागत नाही, आणि हे लंडनमध्ये बसलेल्या माणसाने इतकं बरोबर पकडलंय की वाचताना थक्क व्हायला होतं.

खटकतं ते पण सांगायलाच पाहिजे. कीटिंगची भारतीय माणसं जे इंग्रजी बोलतात, प्रत्येक वाक्यात 'आय अॅम नोइंग' छापाचं, ते काही पानांनंतर कानाला टोचतं, आणि सुरुवातीच्या पुस्तकांतली मुंबई कुठे कुठे नकाशावरून काढल्यासारखी वाटते. पण त्या काळच्या ब्रिटिश कादंबरीत आपला माणूस बहुतेक वेळा एकतर नोकर नाहीतर महाराजा असायचा, तिथे यांनी एका मध्यमवर्गीय, भिडस्त, प्रामाणिक इन्स्पेक्टरला हीरो केलं, सगळी गोष्ट त्याच्या डोक्यातून दाखवली, त्याला बंगाली बायको प्रोतिमा आणि मुलगा वेद असं घर दिलं, ही गोष्ट माझ्या मते जास्त मोठी आहे.

मुंबई त्यांनी प्रत्यक्ष पाहिली ती पहिल्या पुस्तकानंतर जवळजवळ दहा वर्षांनी. न बघता मुंबईवर लिहिणारा लेखक आहे हे एअर इंडियाला कळलं आणि त्यांनीच प्रवासाची सोय केली. त्यानंतर १९७६ ला 'फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे' आलं, आपल्या स्टुडिओंमधलं. घोटेंच्या वीसहून जास्त कादंबऱ्या झाल्या. १९८० ला आलेल्या, संस्थानी काळावरच्या कादंबरीला दुसऱ्यांदा गोल्ड डॅगर, १९९६ ला आयुष्यभराच्या कामासाठी डायमंड डॅगर. शिवाय लंडनच्या टाइम्समध्ये कित्येक वर्षं क्राइम पुस्तकांची परीक्षणं, आणि डिटेक्शन क्लब या ब्रिटिश डिटेक्टिव्ह लेखकांच्या मंडळाचं अध्यक्षपद, जे आधी अगाथा ख्रिस्तींकडे होतं. २०११ च्या मार्चमध्ये ते वारले.

१९८८ ला मर्चंट-आयव्हरी या सिनेमा कंपनीने 'द परफेक्ट मर्डर'वर सिनेमाही काढला, दिग्दर्शक झफर हाय, घोटे झाले नसीरुद्दीन शाह आणि प्रोतिमा रत्ना पाठक शाह, लाला म्हणून अमजद खान. नसीरच्या चाहत्यांनाही विचारून बघा, बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो.

तर विनंती अशी की आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर एक चांगला पानभर लेख द्या, आणि तो लिहायला शक्यतो कोणी निवृत्त पोलीस अधिकारी गाठा, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या पोलीस कमिशनर ऑफिसात काम केलेला, म्हणजे घोटेंची नोकरी खरी कितपत आणि कल्पनेतली कितपत ते कळेल. मराठी प्रकाशकांनाही सांगणं आहे की अनुवादाचं मनावर घ्या, बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेला वाचक आहे आपला, तो घोटेंना नक्की घरात घेईल. सुरुवात त्या एका रुपयाच्या पुस्तकापासूनच करा आणि अनुवाद करताना घोटेंना बोलू द्या ते आपल्या साध्या, सरळ मराठीत.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली