डिसेंबरच्या वाचनबैठकीविषयी सदस्यांना स्मरणपत्र

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, या महिन्यासाठी निवडलेल्या, नाताळच्या सुट्टीत घडणाऱ्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबरीवरील चर्चा येत्या गुरुवारी सायंकाळी 5 वाजता धरमपेठेतील नेहमीच्या जागी होईल. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे सीताबर्डी परिसरात मोर्चांची गर्दी असते, तेव्हा त्या बाजूने येणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघावे.

‘असली पुस्तके काय वाचायची’ म्हणून काहींनी नाके मुरडली होती. परंतु शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असूनही वाचकाला अखेरपर्यंत धरून ठेवणे सोपे नव्हे, आणि त्यासाठी गैरसमज, चुकलेली गाडी व बर्फामुळे लांबलेला मुक्काम यांचा उपयोग लेखिकेने कसा करून घेतला आहे, यावरच प्रामुख्याने बोलावयाचे आहे.

आपल्याकडे तीनच प्रती असल्याने वाचून झालेली प्रत त्वरित पुढील सदस्याकडे सोपवावी. एका प्रतीच्या 64व्या पानावर, नेमक्या पहिल्या भेटीच्या प्रसंगावर, तर्रीचा लालभडक डाग पडलेला आहे. पोहे खाताना पुस्तक कृपया दूर ठेवावे. शेवटचे प्रकरण आधीच वाचलेल्यांनी, ते सर्वांनी ओळखलेले असले तरी, बैठकीपूर्वी त्याची वाच्यता करू नये.