वाटा वाढला, मताचे वजन तेच

महोदय,

क्रयशक्तीच्या आधारे, म्हणजे त्या-त्या देशातील किमती लक्षात घेऊन मोजले तर जागतिक उत्पादनात उदयोन्मुख आणि विकसनशील देशांचा वाटा आज निम्म्याहून अधिक आहे. २००८ च्या वित्तीय संकटात श्रीमंत देशांची चाके रुतली, तेव्हा जगाच्या वाढीचा गाडा याच देशांनी ओढला. निर्णय घेताना मात्र त्यांना विचारतो कोण?

अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचेच पाहा. तेथील मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. म्हणजे एका देशाने नकार दिला की विषय संपला. चीनची अर्थव्यवस्था जपानच्या कित्येक पट मोठी, तरी दोघांची मते सहा टक्क्यांच्या आसपासच. कोटा म्हणजे प्रत्येक देशाने निधीत भरायचा पैसा; मतेही मुख्यतः त्यावरच ठरतात. २०१० मध्ये मान्य झालेली कोटा सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीअभावी रखडली. ती लागू व्हायला २०१६ उजाडले. डिसेंबर २०२३ मध्ये कोटा ५० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, पण सगळ्यांचा सरसकट! वाटणी जैसे थे.

निधीचे प्रमुखपद युरोपकडे आणि जागतिक बँकेचे अमेरिकेकडे, ही प्रथाही अजून सुटलेली नाही. कर्जाच्या अटी ज्यांच्या जनतेला सोसाव्या लागतात, त्यांनाच त्या अटी ठरवताना पुरेसा आवाज नसावा, हे मला संतापजनक वाटते. ब्रिक्स देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) शांघायमध्ये स्वतःची बँक थाटली ती हौसेखातर नव्हे. नाणेनिधीच्या पुढच्या कोटा आढाव्यात मतांची फेरवाटणी झालीच पाहिजे आणि दोन्ही प्रमुखांची निवड राष्ट्रीयत्व न पाहता व्हायला हवी.

– एक वाचक