पंपिंग ३० टक्के, गोळ्या मात्र विकतच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं आहे. वय ५८, निम्मी हयात ऊसतोडीत गेलेली. वर्षभरात छातीत पाणी होऊन ती तीनदा दाखल झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे दवाखान्यात खर्च पडला नाही, याचे मनापासून आभार. योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत वाढवली, तेही चांगलंच झालं. पण ही बाई पुन्हा पुन्हा का येते, हे तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

घरी आलं की रोजच्या पाच गोळ्या. त्यातल्या दोन आरोग्य केंद्रात मिळतात, तीन विकत. पैसे पुरत नाहीत म्हणून आई आम्हाला न सांगता गोळी मोडून अर्धी घेते. तपासणीला बार्शीला गाडी बदलून सोलापूर गाठायचं. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पण सोबत जाणाऱ्याची रोजंदारी बुडते. आणि त्या दिवशी ती अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी घेतच नाही. घेतली तर सारखं जावं लागतं, अन् गाडीत बसलेली बाई कुठे जाणार? खुरपायला जाणाऱ्या बायकांचंही तेच. कागदावर मात्र ‘रुग्ण औषधं नियमित घेत नाही’ एवढंच लिहिलं जातं. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

रोज वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच या, असं सांगतात. घरात वजनकाटा नाही. मीठ कमी करा म्हणतात. भाजी नसेल त्या दिवशी भाकरीवर ठेचाच असतो.

योजनेतून हृदयाच्या कमजोरीसाठी दाखल झालेल्या रुग्णाला पुढच्या सगळ्या गोळ्या दरमहा गावाजवळच्या केंद्रातून मोफत मिळाव्यात आणि आशाताईंनी आठवड्याला एकदा घरी येऊन वजन व पायाची सूज पाहावी. या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्यावा, फुकट राबवू नये.

दसरा झाला की भाऊ-भावजय ऊसतोडीला, कोयत्यावर जातील. मी सासरी. चार-पाच महिने आई घरात एकटी असेल. त्याआधी याचा विचार व्हावा.

आपली,
एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव